बघायला कोणी नाही: एका पत्रातली नामं आणि त्यांची शेपटं

'शी हॅज नो वन टु लुक आफ्टर.'

पत्रातल्या या वाक्याखाली मी रेघ मारली आणि विचारलं, "सिस्टर, इथे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"तिला बघायला कोणी नाही, मॅडम. आजी एकट्याच राहतात, असं आहे ना नोट्समध्ये."

"हे पत्र ज्या नर्सच्या हातात पडेल तिला बरोबर उलटं कळेल. या बाईला कुणाचं काही करावं लागत नाही, ही मोकळी आहे, असं."

सिस्टर थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "स्पेलिंग तर सगळं बरोबर आहे." ते खरंच होतं. वाक्य व्याकरणातही बसत होतं, म्हणून तर ते जास्त घातक. चुकलेलं वाक्य वाचणाऱ्याला अडखळवतं. हे वाक्य कुठेही न अडखळता चुकीच्या दारात नेऊन सोडत होतं.

सिस्टर मिरजेतल्या एका हॉस्पिटलात अकरा वर्षं काम करतायत, त्यातली बरीच ऑर्थो वॉर्डात. त्यांना इंग्लंडला जायचंय. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे नाव नोंदवायचं तर इंग्रजी येतं हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी त्यांनी ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, म्हणजे ओईटी, निवडली होती. लेखनाच्या पेपरात एका पेशंटच्या नोट्स देतात. पहिली ५ मिनिटं फक्त वाचायची, पेन उचलायचं नाही. पुढच्या ४० मिनिटांत १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं, बहुतेक वेळा पेशंटची पुढची काळजी घेणाऱ्या नर्सला किंवा डॉक्टरला. गुण ५०० पैकी. कौन्सिलला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ३५० लागतात, लेखनात ३०० चालतात. सिस्टरांचे बाकीचे तिन्ही विभाग निघाले होते. लेखनात २८० वर गाडी अडली होती.

त्याआधी त्यांनी एक क्लास लावला होता. क्लासनं त्यांना तीन रकान्यांची यादी दिली: कोणत्या नामापुढे 'टु' येतं, कोणत्या नामापुढे 'ऑफ', कोणत्या नामापुढे 'इन'. एकशेचाळीस नामं, पाठ करा. सिस्टरांनी नाइट ड्युटीत बसून ती पाठ केली आणि परीक्षेत सगळी एकमेकांत मिसळली. मला त्यांचा दोष वाटत नाही. कारण न सांगता पाठ करायला लावलेली यादी घाईच्या वेळी अशीच विस्कटते.

सरावाच्या पत्रातली पेशंट अशी: ७२ वर्षांची बाई, पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता घरी सोडायचंय. सिस्टरांच्या १९० शब्दांत मला जी ठिकाणं दिसली ती जशीच्या तशी देते. 'फिअर टु फॉल'. 'डिफिकल्टी टु स्वॉलो टॅब्लेट्स'. 'रिस्क टु डेव्हलप प्रेशर सोअर्स'. मग अचानक उलट्या दिशेनं 'इनॅबिलिटी ऑफ यूजिंग द स्टेअर्स' आणि 'रिफ्यूजल ऑफ यूजिंग द वॉकर'. पुढे 'अ हाय चेअर टु सिट'. शेवटी 'कमिटमेंट टु डू एक्झरसाइजेस'. आणि ते सुरुवातीचं वाक्य.

यातल्या पहिल्या पाच चुका समोरासमोर ठेवल्या की गंमत दिसते. जिथे 'ऑफ' किंवा 'इन' हवं तिथे 'टु' आलंय, जिथे 'टु' हवं तिथे 'ऑफ'. म्हणजे सिस्टरांना एखादा नियम ठाऊक नव्हता असं नाही. त्यांना एकाच मराठी प्रत्ययातून दोन इंग्रजी वाटा फुटताना दिसत होत्या आणि कुठली कुठे जाते ते उमगत नव्हतं. मराठीत म्हणून बघा: पडण्याची भीती. जखमा होण्याचा धोका. जिना चढण्याची ताकद. वॉकर वापरण्याची गरज. सगळीकडे चा, ची, चे. आपल्याला एक षष्ठी पुरते. इंग्रजीत मात्र भीतीला आणि धोक्याला 'ऑफ' आणि मागोमाग 'इंग' लागतं, ताकदीला आणि गरजेला 'टु' आणि मूळ क्रियापद.

पहिल्या दिवशी मी त्यांना माझा नेहमीचा उपाय सांगितला: नामाचं गोत्र बघा. ज्या क्रियापदापासून किंवा विशेषणापासून नाम आलंय, त्याला 'टु' चालतं ना, मग नामालाही चालतं. 'शी रिफ्यूज्ड टु यूज' म्हणून 'रिफ्यूजल टु यूज'. 'शी इज अनेबल टु यूज' म्हणून 'इनॅबिलिटी टु यूज'. 'डिसाइड' वरून 'डिसिजन टु', 'टेंड' वरून 'टेंडन्सी टु', 'फेल' वरून 'फेल्युअर टु'. वीस वर्षं मी हे शाळेत शिकवलं. सिस्टर दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, 'इट इज पॉसिबल टु' म्हणतात, मग 'पॉसिबिलिटी टु' का नाही? आणि 'शी होप्स टु वॉक' चालतं, तर 'होप टु वॉक' का चालत नाही?" खरंच चालत नाही. 'पॉसिबिलिटी ऑफ इन्फेक्शन', 'होप ऑफ वॉकिंग अगेन'. माझ्या गोत्राला ही दोन लेकरं जुमानत नव्हती, आणि ही दोन काही आडवाटेची नामं नव्हेत, पत्रात रोज लागणारी आहेत.

पुढचा धागा त्यांनाच सापडला, तोही पाटीवर. ड्युटी संपल्यावर आम्ही हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसायचो. समोरच्या भिंतीवर 'धूम्रपान करण्यास मनाई आहे' अशी पाटी होती. चहा येईपर्यंत सिस्टर तिच्याकडेच बघत होत्या. "इथे 'करण्याची' का नाही लिहिलं? 'करण्यास' का?"

मी चमच्यानं साखर ढवळता ढवळता थांबले. 'करण्यास' म्हणजे 'करणे' या नामाचं सामान्यरूप 'करण्या', त्याला चतुर्थीचा 'स'. आपल्या 'स, ला, ते' मधला. आणि इंग्रजीतलं 'टु डू' म्हणजे तरी मुळात काय? जुन्या इंग्रजीत साधं क्रियारूप एका शब्दाचं होतं, 'सिंगन' म्हणजे गाणं. त्याच्या जोडीला दुसरं एक रूप होतं, 'टो सिंगेन्ने'. त्यातलं 'टो' हे सरळसरळ शब्दयोगी अव्यय होतं, कडे, ला या अर्थाचं, आणि पुढचं रूप चतुर्थीतलं. गाण्यास, गायला. पुढे शब्दांची शेपटं झिजली, 'टु' तेवढं उरलं, आणि आज आपण त्याला क्रियापदाचा भाग समजून पाठ करतो. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज आणि मिरजेच्या कँटीनची पाटी रंगवणारा, दोघांनी एकच गोष्ट केली होती: क्रियेला नाम बनवलं आणि तिला 'ला' लावला.

म्हणून आम्ही पट्टी अशी लावली. मराठी नामापुढे 'ण्यास' ठेवून बघायचं. वापरण्यास नकार: बसतं. चढण्यास असमर्थता: बसतं. ऑपरेशन करण्यास संमती, घरी जाण्यास परवानगी, मदत घेण्यास तयारी: बसतं. पडण्यास भीती? कानाला खटकतं. पडण्यास धोका, तंबाखू खाण्यास सवय? नाही. म्हणजे 'फिअर', 'रिस्क', 'हॅबिट' यांना 'टु' नको. सिस्टरांच्या चेहऱ्यावर वॉर्डात ताप उतरल्यावर दिसतं तसं काहीतरी दिसलं.

ही पट्टी सगळीकडे लागत नाही, हे लगेच सांगायला हवं. 'येण्यास उशीर' मराठीत ठणठणीत आहे, पण इंग्रजीत 'डिले इन कमिंग'. उलट प्रयत्न, इच्छा, गरज, संधी, क्षमता या नामांना मराठीत 'ण्यास' शोभत नाही. उठण्याचा प्रयत्न, जाण्याची इच्छा असंच आपण म्हणतो, आणि तरी इंग्रजीत ही सगळी 'टु' वाली आहेत: 'अटेम्प्ट टु गेट अप', 'विश टु गो होम', 'नीड टु रेस्ट'. आणि ज्या पाटीनं आम्हाला वाट दाखवली, तिच्यावरची मनाईच इंग्रजीत 'टु' घेत नाही, 'अ बॅन ऑन स्मोकिंग' असं म्हणतात. सिस्टर यावर खूप हसल्या.

चा-ची वाल्या उरलेल्या घोळक्यासाठी दुसरा प्रश्न लागला. हे नाम माणसाला त्या क्रियेकडे ढकलतंय का? इच्छा, प्रयत्न, बेत, गरज, संधी, क्षमता: माणूस अजून क्रियेच्या अलीकडे उभा आहे आणि तोंड तिकडे आहे. तिथे 'टु', कारण 'टु' मध्ये अजून ते जुनं 'कडे' जिवंत आहे. की हे नाम क्रियेकडे एक वस्तू म्हणून बघतंय, दुरून, तिचं मोजमाप करत? भीती, धोका, शक्यता, सवय, अनुभव, कल्पना. तिथे 'ऑफ', आणि क्रियापदाला 'इंग' लावून नाम करायचं. 'होप' आणि 'पॉसिबिलिटी' यांचा हट्टही इथे जरा समजतो. 'होप ऑफ वॉकिंग' मध्ये आशेनं चालणं हे लांबून दिसणारं चित्र केलंय. हे शंभर टक्के शास्त्र नाही, पण एकशेचाळीस नामांच्या यादीपेक्षा डोक्यात राहतं.

याचा सगळ्यात चांगला पुरावा 'चान्स'. हा शब्द दोन्हीकडे नांदतो. 'अ चान्स टु वॉक' म्हणजे चालायची संधी: फिजिओथेरपिस्ट आलेत, बार धरून उभं करतायत. 'अ चान्स ऑफ वॉकिंग' म्हणजे चालण्याची शक्यता: डॉक्टर एक्स-रे बघून सांगतात ती. आपण मराठीत "चालायचे चान्सेस किती?" असं डॉक्टरांना विचारतो तेव्हा शक्यताच विचारत असतो, म्हणून तो चान्स 'ऑफ' वाला.

भीतीचंही तसंच, फक्त तिथे विशेषण मदतीला येतं. त्या नोट्समधली बाई 'अफ्रेड ऑफ फॉलिंग' होती, आणि म्हणून 'अफ्रेड टु वॉक' होती. पहिलीत संकट आहे, दुसरीत कच खाणं. मराठीत आपण एकीला पडण्याची भीती म्हणतो आणि दुसरीला 'चालायला धजत नाही' म्हणतो. ही जोडी लिहिल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात दहातल्या आठ जणी अशाच असतात. पडायची भीती असते, म्हणून चालत नाहीत, आणि चालत नाहीत म्हणून पाठीला जखमा होतात." पत्रात दोन्ही वेगळं लिहायला हवं, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा असतो.

'डिफिकल्टी' कडे फार वेळ दिला नाही. गिळण्यात अडचण, सप्तमीचा 'त', म्हणून 'डिफिकल्टी इन स्वॉलोइंग'. वैद्यकीय लिखाणात तो 'इन' गाळलेलाही सर्रास दिसतो. 'इंटरेस्ट' आणि 'सक्सेस' यांचंही हेच, रस कशात, यश कशात.

'कमिटमेंट टु डू' मध्ये मात्र वेगळा सापळा आहे. 'टु' दिसला की पुढे मूळ क्रियापद, अशी हाताला सवय लागते. वचन या अर्थाच्या 'कमिटमेंट' ला ते चालतंही. पण इथे अर्थ निष्ठेचा, आणि हा 'टु' अजून खराखुरा शब्दयोगी आहे, त्याच्यापुढे नाम हवं: 'कमिटमेंट टु डूइंग हर एक्झरसाइजेस'. ओळखायची खूण सोपी. त्याच जागी नुसतं नाम ठेवून बघा. 'कमिटमेंट टु एक्झरसाइज' मधला 'एक्झरसाइज' नाम म्हणून वाचला तर चालतो. 'ऑब्जेक्शन टु द वॉकर' चालतं, म्हणून 'ऑब्जेक्शन टु यूजिंग द वॉकर'. 'इनॅबिलिटी टु द वॉकर' हे काहीच झालं नाही, म्हणून तिथे 'टु यूज'. पत्राच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टु हिअर' असं लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ, त्यांचाही घोळ हाच.

आता खुर्ची. 'अ हाय चेअर टु सिट'. मराठीत 'बसायला उंच खुर्ची' इतकं पुरतं. पण आजी खुर्ची बसत नाहीत, खुर्चीवर बसतात. तो 'वर' गेला कुठे? आपण तो गिळतो. लिहायला पेन: पेनानं लिहितो, 'नं' गिळला. बोलायला माणूस: माणसाशी बोलतो, 'शी' गिळला. झोपायला खाट, राहायला घर, मराठीत कुणाला काही कमी वाटत नाही. इंग्रजी ते गिळू देत नाही. नाम पुढे निघून गेलं तरी त्याचं अव्यय मागे, क्रियापदाच्या शेजारी, उभं राहतं: 'अ चेअर टु सिट ऑन', 'अ पेन टु राइट विथ', 'समवन टु टॉक टु'. चप्पल घालून माणूस आत गेला आणि काठी दाराशी राहिली, तसं. सिस्टरांना मी एवढंच करायला सांगितलं: नाम परत वाक्यात बसवा. 'शी सिट्स अ चेअर' चुकतं ना, म्हणजे 'ऑन' हवा. एक अपवाद मात्र रोज भेटतो, 'प्लेस'. 'अ हाउस टु लिव्ह इन', पण 'अ प्लेस टु लिव्ह' बिनघोर चालतं.

वाक्याच्या टोकाला असं अव्यय लोंबकळू देणं वाईट, असं शाळेत कुणी ना कुणी सांगितलेलं असतं. ही कुरकुर जुनी आहे. १६७२ मध्ये इंग्रज कवी जॉन ड्रायडननं आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या एका ओळीला हाच दोष लावला होता. त्याचं ऐकायचं तर 'अ चेअर ऑन विच टु सिट' असं लिहावं लागतं. डिस्चार्जच्या पत्रात ते शेरवानी घालून बेडपॅन उचलल्यासारखं दिसतं.

आणि मग आम्ही परत त्या पहिल्या वाक्याशी आलो. खुर्चीची खूण हातात होती, म्हणून या वेळी मला फार बोलावं लागलं नाही. 'नो वन टु लुक आफ्टर'. 'आफ्टर' च्या पुढे जागा रिकामी आहे. रिकामी जागा दिसली की इंग्रजी वाचणारा पुढे गेलेलं नाम आणून तिथे बसवतो, जसं खुर्चीला 'ऑन' च्या पुढे बसवतो. इथे पुढे गेलंय 'नो वन'. म्हणजे 'लुक आफ्टर नो वन', जिची काळजी घ्यावी अशी व्यक्ती तिला नाही. तीच जागा 'हर' नं भरली की 'नो वन' ला तिथे बसता येत नाही. मग तो करणारा होतो: 'नो वन टु लुक आफ्टर हर'. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि म्हातारीची घरची परिस्थिती एका टोकावरून दुसऱ्या टोकाला.

सिस्टरांनी तो शब्द का सोडला, हे मला मराठी वाक्य मोठ्यानं म्हटल्यावर कळलं. "तिला बघायला कोणी नाही." यातला 'तिला' दोन कामं करतो. 'तिला भाऊ नाही' मधला 'तिला' आहे, ज्याचं इंग्रजीत 'शी हॅज' होतं. आणि 'तिला बघतो' मधलाही आहे, ज्याचं 'हर' होतं. मराठीत एकदा म्हटलं की दोन्ही फिटलं. सिस्टरांनी त्याचं 'शी हॅज' केलं आणि त्यांच्या मनात 'तिला' संपला. इंग्रजीत तो दुसऱ्यांदा द्यायचा राहिला. मी हे सांगत होते तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मावशी म्हणाल्या, "बघायला कोणी नाही म्हणजे, लग्नाचं का काय?" त्यावर दहा मिनिटं अभ्यास बंद.

ओईटीच्या लेखनाला सहा निकष असतात, भाषा हा त्यातला एकच. त्यामुळे 'फिअर टु फॉल' सारख्या चुकीनं फार बिघडत नाही, वाचणाऱ्याला अर्थ कळतोच. पण 'नो वन टु लुक आफ्टर' हे भाषेच्या रकान्यात थांबत नाही, मजकुराच्या रकान्यात शिरतं, कारण माहितीच चुकीची गेली. क्लासच्या यादीत मात्र या वाक्याला जागाच नव्हती. ती फक्त नामापुढे काय लागतं ते सांगत होती, शेपटाच्या टोकाला काय राहिलं पाहिजे त्याबद्दल अवाक्षर नाही. माझा यादीवरचा खरा राग हा.

पुढचे तीन आठवडे त्यांनी रोज एक पत्र लिहिलं. समासात आधी मराठी तुकडा, मग इंग्रजी. यादी बंद केली आणि त्याऐवजी त्यांच्याच केसपेपरवरची नामं वहीत घेतली. तिथे एक गोष्ट लक्षात आली. 'हिस्टरी ऑफ' आणि 'कम्प्लेंट्स ऑफ' यांत त्या कधीच चुकल्या नव्हत्या, एकदाही नाही. अकरा वर्षं केसपेपरवर 'एच', तिरपी रेघ, 'ओ' लिहून तो 'ऑफ' बोटांत मुरला होता. मग आम्ही बाकीची नामंही तशीच मुरवायची ठरवली, पेशंटला चिकटवून. 'टेंडन्सी टु ब्लीड' म्हणजे चार नंबर बेड. 'रिलक्टन्स टु ईट' म्हणजे खिडकीजवळचे आजोबा. 'हॅबिट ऑफ यूजिंग मिसरी' म्हणजे रोज सकाळी नर्सची नजर चुकवून दात घासणाऱ्या त्या दोघी जावा.

'इंटेन्शन' आणि 'रीझन' शेवटपर्यंत डळमळीत राहिले. 'हर इंटेन्शन टु रिटर्न' चालतं, पण नकार आला की 'नो इंटेन्शन ऑफ रिटर्निंग' कडे ओढा जास्त. 'रीझन टु वरी' आणि 'रीझन फॉर अॅडमिशन' दोन्ही बरोबर, पण त्यांच्यातली सीमा मला त्यांना एका वाक्यात सांगता आली नाही. परीक्षेत ही दोन टाळा, असं सांगून मी सुटका करून घेतली.

दुसऱ्या खेपेला लेखनात ३३० आले. बोलण्यात बरोबर ३५०, काठावर. निकालाच्या दिवशी सिस्टरांचा फोन आला तो त्या ३५० बद्दलच. "मॅडम, रोलप्लेमध्ये ती बाई म्हणाली की मला चालायची भीती वाटते, आणि माझ्या तोंडातून निघालं, 'आय अंडरस्टँड युअर फिअर टु फॉल'."

"मग?"

"मग काय, हात धरून सांगितलं तिला, आय अॅम हिअर. विसरलेच की ती पेशंट नाहीये."